टेप वाया

मास्तरांनी बोट जिभेला लावून तेविसावी वही उघडली आणि आपल्याच तक्रारी शोधायला सुरुवात केली.

तळघरातल्या टेपांच्या खोलीत आता मांडण्यांपेक्षा रिकामी जागाच जास्त होती. कामाच्या टेपा संगणकावर उतरवून झाल्या होत्या. उरलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक खोक्यावर जाड पेनाने लिहिलं होतं: भंगार, शनिवार. आज गुरुवार होता. स्टुलावर बसलेल्या मुलीने धुळीपायी नाकाला रुमाल बांधला होता. वाहिनीला चाळीस वर्षं झाली म्हणून तासाभराचा इतिहास तयार करायचं काम तिच्याकडे आलं होतं. मास्तर तिला इतिहासवाली म्हणत.

"काका, आपण नेमकं काय शोधतोय?"

"माझं रागावलेलं अक्षर."

"ते ओळखायचं कसं?"

"रागावलो की मी शाई जास्त खर्च करतो." त्यांनी आदल्या दिवशी तपासलेली एक वही ओढून तिला दाखवली. रोजच्या प्रक्षेपणाची नोंदवही. मिनिटामिनिटाचा हिशेब, बारीक, सरळ रेघेत. आणि मध्येच एक ओळ खाली दोनदा अधोरेखित केलेली.

५.५८ निवेदन. पर्यायी तंत्रज्ञाने नोंद थांबवली नाही. ४८ सेकंद. टेप वाया.

"अशा नऊ सापडल्यात आतापर्यंत," मास्तर म्हणाले. "म्हणजे नऊ वेळा तरी तिचा आवाज टेपवर उतरला होता. पुढे त्या टेपांचं काय झालं, ते मात्र विचारू नकोस."

"काय झालं?"

"नव्वद दिवसांनी पुसल्या. मीच."

ती म्हणजे बाई. वाहिनीवरच्या निवेदिका. आणि गेली तेहेतीस वर्षं मास्तरांची बायको.

[इथे निवेदन. ५० सेकंद. नोंद नाही.]

इतिहास असा.

एका शेठना बंद पडलेल्या दूरचित्रवाणी केंद्राचं गोदाम स्वस्तात मिळालं. आत जुन्या मालिका, नाटकं, गाण्याच्या मैफली, विनोदी नकला. शेठ म्हणाले, नवं काही काढायला अक्कल लागते, जुनं दाखवायला नुसती वीज लागते. अशी वाहिनी सुरू झाली. दुसऱ्या वाहिन्यांतली माणसं तिला शिळं दुकान म्हणत. प्रत्येक मालिका साधारण तीन वर्षांनी फिरून यायची. लोकांना ती पाठ झाली, तरी लोक बघत. किंबहुना पाठ झाली म्हणूनच बघत.

स्टुडिओ म्हणजे एक खोली. एक कॅमेरा, एक खुर्ची, प्लास्टिकच्या पानांची एक कुंडी. त्या खुर्चीत बसून बाई दोन कार्यक्रमांच्या मधे बोलायच्या. आधी काय झालं, आता काय होणार. ते सगळं थेट, लिहून न घेता. एका मालिकेत एक डॉक्टर अठ्ठाविसाव्या भागात मरायचा, आणि दर तीन वर्षांनी प्रेक्षकांची पत्रं यायची, की या वेळी तरी त्याला वाचवा. बाई पत्र हातात धरून सांगायच्या, क्षमस्व, डॉक्टर याही वेळी वाचणार नाहीत, पण अजून सात भाग आहेत, तोवर त्यांना बघून घ्या.

शिळ्या दुकानात ताजं असं तेवढंच होतं. आणि ठेवलं गेलं नाही तेही तेवढंच.

कारण मास्तर.

कार्यक्रम जिथून लावले जात त्या काचेमागच्या खोलीला मास्टर कंट्रोल म्हणत, म्हणून तिथे बसणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणू लागले; शाळेशी त्यांचा संबंध दहावीतच संपला होता. कोणी तक्रार केलीच तर पुरावा हवा, म्हणून दिवसभराचं प्रक्षेपण टेपवर नोंदून नव्वद दिवस ठेवायचा नियम होता. प्रक्षेपण आठ तासांचं. चार-चार तासांच्या दोन टेपा. पण निवेदनं धरली की आठ तास बारा मिनिटं व्हायची, आणि त्या बारा मिनिटांसाठी रोज तिसरी टेप चढवावी लागायची. सव्वीस वर्षांच्या मास्तरांना एक युक्ती सुचली. निवेदन सुरू झालं की नोंद थांबवायची, संपलं की पुन्हा चालू करायची. दोन टेपांत दिवस बसायचा. व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली होती.

"असं सोळा वर्षं चाललं," इतिहासवाली रुमालाआडून म्हणाली. तिने हे कागदावर लिहिलं नाही. "म्हणजे रोज..."

"रोज चौदा वेळा," मास्तर म्हणाले. "मोजलंय मी. या वयात झोप कमी लागते."

त्यांनी वहीचं पान उलटलं. मग पुढचं. तेवढ्यात त्यांचा हात थांबला.

५.५८ निवेदन. पर्यायी तंत्रज्ञ झोपेत. नोंद थांबवली नाही, पुढचा कार्यक्रम लावला नाही. २ मिनिटे ४० सेकंद. टेप वाया!

अधोरेखा तीन होत्या. कागद फाटेपर्यंत दाबलेल्या. आणि समासात दुसऱ्याच कोणाच्या तिरप्या अक्षरात, लाल शाईने: टेप चौकशीसाठी बाजूला काढली.

"बाजूला काढली," मुलगी उभी राहिली. "म्हणजे पुसली नाही?"

मास्तर चष्मा काढून पुसत होते. चष्मा स्वच्छ होता.

"काका, चौकशीचं पुढे काय झालं?"

"काय व्हायचं! व्यवस्थापक बदलले. ती चौकशी अजून चालूच असेल बघ कुठेतरी."

"तुम्ही तेव्हा टेप पाहिली नाहीत?"

"झोपलेल्या माणसाचा पुरावा काय बघायचा? मी दोन दिवस रजेवर होतो. परत आलो तर त्या पर्यायी तंत्रज्ञाने, आपल्या डुलकीने, हा पराक्रम केलेला. त्याचा अहवाल वाचला, वहीत उतरवला, आणि त्याला असा झापला की पुढे महिनाभर तो उभ्याने काम करत होता."

[इथे निवेदन. ५० सेकंद. नोंद नाही.]

घरी बाई खुर्चीत बसून मटार सोलत होत्या. मास्तरांच्या चपलांच्या आवाजावरूनच त्यांना कळलं असावं, कारण मान वर करायच्या आधी त्यांनी शेंगांची परात बाजूला ठेवली.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. मानेवर, गळ्याच्या खळगीत, श्वासासाठी एक छिद्र राहिलं, त्यावर त्या पातळ सुती पट्टी बांधत. डॉक्टरांनी मानेला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. मास्तरांनी ते रात्रंदिवस खपून उघडलं, जुळवलं, त्याची घरघर कमी केली. बाईंनी एकदा लावून पाहिलं, एक वाक्य बोलल्या, आणि वहीवर लिहिलं: हा तुमचा आवाज झाला. माझा नाही. यंत्र कपाटात गेलं.

तेव्हापासून घरात बोलणं म्हणजे ओठ. लांबण असेल तर वही. बोलता येत नाही म्हणून टोमणे बंद झाले, असं मात्र कोणी समजू नये.

"तेविसावी वही उघडली आज," मास्तर पाय धुऊन येत म्हणाले.

बाईंचे ओठ हलले. मग?

"एक टेप बाजूला काढलेली आहे म्हणे. डुलकी झोपला होता ना, ती. उद्या खोक्यांतून शोधणार आहोत."

बाईंनी वही ओढली. पेनाचं टोपण दातांनी काढायची सवय त्यांना अलीकडे लागली होती. लिहिलं: ती राहू द्या.

"का?"

राहू द्या म्हणते ना. एवढं ऐकायचंय तर हे घ्या. आणि त्यांनी पाठ ताठ केली, हनुवटी किंचित खाली, नजर समोरच्या भिंतीतल्या न दिसणाऱ्या कॅमेऱ्यावर, आणि ओठांनी स्वच्छ, सुटं सुटं म्हटलं: आता पाहू या.

मास्तर हसले. मग हसता हसता त्यांना परातीतल्या शेंगांकडे बघावं लागलं.

मोबाइलमध्ये चार-दोन तुकडे होते बाईंच्या आवाजाचे. पण ते आजार सुरू झाल्यानंतरचे, बसलेल्या, खरवडलेल्या आवाजाचे. त्याआधीचा आवाज कुठेच नव्हता. आणि मास्तरांना त्याहून भयंकर एक गोष्ट ठाऊक होती, जी त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. बाईंचं एखादं जुनं वाक्य आठवलं, की ते त्यांच्या मनात मास्तरांच्याच आवाजात उमटायचं. शब्द बाईंचे, तऱ्हा बाईंची, राग बाईंचा. आवाज स्वतःचा. कितीही आठवलं तरी. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं, दुःखाने असं होत असेल. तिसऱ्या वर्षी कळलं, की आवाज विसरलाय.

आणि स्टुडिओतला आवाज तर त्यांनी धड ऐकलाही नव्हता. निवेदन चालू असताना त्यांच्या कानाला हेडफोन असायचा. पुढच्या टेपची सुरुवात ते कानाने जुळवत असत. काचेपलीकडे बाईंचे नुसते ओठ हलताना दिसायचे. ओठ मिटले, की बटण.

"एकदा ऐकायचंय गं," ते म्हणाले. "एकदाच."

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग परात परत मांडीवर घेतली.

[इथे निवेदन. ५० सेकंद. नोंद नाही.]

डुलकीला फोन लावला तो शुक्रवारी सकाळी. तो आता मुलीकडे राहत होता आणि फोन उचलायला अकरा वेळा वाजू द्यायचा.

"मास्तर! जिवंत आहात?"

"तुझी झोप झाली का?"

"चौतीस वर्षांपूर्वीच झाली. अजून त्यावरूनच भांडायचंय का? मेमो घेतलाय मी, सही केलीय, माफी मागितलीय."

"ती टेप शोधतोय. चौकशीची. कुठे ठेवली असेल?"

पलीकडे डुलकी हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला लागला, मुलीने पाणी आणून दिलं, तेही फोनवर ऐकू आलं.

"आता? आता बघायचीय तुम्हाला?"

"त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही, काही नाही. लाल चिकटपट्टी लावलेली असेल बघा कडेला. व्यवस्थापकांनी माझ्यासमोर लावली होती, जणू बॉम्बच आहे." तो पुन्हा हसला, पण कमी. "मास्तर, बाईंना विचारलंत का?"

"ती राहू द्या म्हणते."

"मग त्यांचं ऐका की. एवढी वर्षं ऐकलंत."

"ऐकलं कुठे रे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

लाल चिकटपट्टी सतराव्या खोक्यात सापडली. इतिहासवालीने कुठूनतरी एक जुनं चालू यंत्र मिळवून ठेवलं होतं. मास्तरांनी त्याचं झाकण काढलं, बोटाला मऊ कापड गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवलं आणि आतला गोल भाग एकाच दिशेने, हळू, तीनदा पुसला. टेप आत गेली. पडद्यावर आधी पाऊस पडावा तसे ठिपके, मग आडव्या रेघा, मग खुर्ची.

खुर्चीत बाई. तिशीच्या. केस घट्ट बांधलेले, कानात काही नाही.

आणि आवाज.

तो मास्तरांना वाटत होता तसा नव्हता. गोड नव्हता. जरा जाडच होता, कडेला किंचित फाटलेला, आणि स म्हणताना दातांमधून हवा निसटायची. आपण हे विसरलो होतो, असं मास्तरांना वाटलं नाही. आपल्याला हे कधी माहीतच नव्हतं, असं वाटलं.

"...तर डॉक्टरांनी ते पत्र उघडलं की नाही, हे कळण्यासाठी आता पाहू या, भाग एकविसावा."

बाई हसल्या. निवेदन संपल्यावर हसायचं ते ठरलेलं हसू. पुढचा कार्यक्रम लागला नाही. बाई हसतच राहिल्या. सहा सेकंद, सात सेकंद. नजर एकदा डावीकडे, काचेकडे गेली. परत आली. मग हसू उतरलं, आणि बाईंनी मांडीवरचे हात उचलून खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले.

"थोडा वेळ लागतोय, असं दिसतंय. काचेमागे कोणी हलत नाही." थोडं थांबून, "कोणी घाबरू नका. श्वास चालू आहे, इथून घोरणं दिसतंय."

इतिहासवाली फसकन हसली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"आमच्याकडे बटण दाबायला एक मास्तर आहेत," पडद्यावर बाई सांगत होत्या. "तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तसं मीही फार पाहिलेलं नाही, काचेतून नुसतं डोकं दिसतं, हेडफोन घातलेलं. ते असले की असं होत नाही. उलट माझं वाक्य संपायच्या आत बटण दाबतात. कधीकधी माझा शेवटचा शब्दच खातात. मी मनात म्हणते, काय घाई असते या माणसाला. आज ते रजेवर आहेत. परगावी गेलेत."

बाई थांबल्या. पुढचं बोलावं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. आणि कॅमेरा चालूच होता.

"मुलगी बघायला."

मास्तरांनी समोरच्या टेबलाची कड धरली.

"चांगलीच असेल मुलगी. का नसेल?" बाई म्हणाल्या. "तुम्ही मला पत्रं लिहिता, या वेळी तरी डॉक्टरांना वाचवा. मी दर वेळी सांगते, आमच्या हातात काही नाही. जे एकदा होऊन गेलंय तेच आम्ही पुन्हा दाखवतो. पण हे..." त्यांनी हाताने कुठेतरी लांब दाखवलं, परगावाच्या दिशेने असावं. "हे काही होऊन गेलेलं नाही अजून. हे पहिल्यांदाच लागलंय. म्हणून सांगते. मास्तर, तिथवर आमचं प्रक्षेपण पोचत नाही, मला माहीत आहे. तरी सांगते. परत या. इथलं बटण दुसऱ्या कोणाला जमत नाही."

त्यानंतर बाई काही बोलल्या नाहीत. पण पडद्यावर त्या होत्या. अर्धा मिनिट नुसत्या होत्या, कॅमेऱ्याकडे बघत, गाल लाल, बोटं दांड्यावर ताल धरून. मग कोणीतरी धावत जाऊन बटण दाबलं असणार, कारण बाई मध्येच तुटल्या आणि भाग एकविसावा सुरू झाला, डॉक्टर पत्र हातात घेऊन खिडकीशी उभे.

मुलीने न सांगता यंत्र थांबवलं.

मास्तरांना तो आठवडा आठवत होता. परगावाहून आल्यावर पाववाल्याने विचारलं होतं, आलात? न्हाव्याने विचारलं, आलात का? बसमधल्या एका अनोळखी बाईने त्यांच्या गळ्यातलं कार्यालयाचं ओळखपत्र वाचलं आणि म्हणाली, बरं झालं आलात. कचेरीत तर जो तो हसत होता. मास्तरांना वाटलं, मुलगी बघायला गेल्याची थट्टा चाललीय. त्यांनी मान खाली घातली आणि वही उघडली.

"काका," इतिहासवाली हळूच म्हणाली, "माझ्या कार्यक्रमाचा शेवट मिळाला. पण मी विचारल्याशिवाय लावणार नाही."

"मला नको विचारूस."

"बाईंनाच विचारा. उद्या दुपारपर्यंत सांगा. टेप मी उतरवून ठेवते. ही काही भंगारात जात नाही आता."

मास्तर उठले. दारापर्यंत गेले आणि वळले.

"फाटलेला होता ना जरा? कडेला?"

"काय?"

"आवाज."

"थोडासा," मुलगी म्हणाली. "छान फाटलेला."

[इथे निवेदन. २ मिनिटे ४० सेकंद. नोंद आहे.]

बाईंनी दार उघडलं, चेहरा पाहिला आणि बाजूला झाल्या. मास्तर आत येऊन खुर्चीत बसले. चपला पायातच राहिल्या, आणि तरी बाईंनी त्यावरून काही म्हटलं नाही.

लागली? ओठांनी विचारलं.

"लागली."

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. या घरात पाठ फिरवली की बोलणं संपायचं, ओठ दिसत नसत म्हणून. मास्तर थांबले. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, दुसरा कोणीतरी ओरडून वाट दाखवत होता.

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

बाई वळल्या. काय?

"हेच. टेपेतलं."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी वही घेतली, पण लगेच लिहिलं नाही. मग लिहिलं, आणि वही त्यांच्यासमोर धरली. तुम्ही पाहिली होतीत ना? तेव्हाच?

"नाही. आज पाहिली."

थापा मारू नका. वहीत सेकंदासकट लिहिलं होतंत. दोन मिनिटं चाळीस. टेप वाया. मी दुसऱ्या दिवशी वही उघडून वाचलं होतं. न बघता कोणी सेकंद लिहितो?

"डुलकीच्या अहवालावरून उतरवलं. त्याने घड्याळ लावून मोजलं होतं, शिक्षा कमी व्हावी म्हणून. टेप साहेबांच्या कपाटात होती. मी बघितलीच नाही. कोणी सांगितलंही नाही."

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. पेन हातात होतं, पण टोपण काढलेलं नव्हतं. मास्तरांना कळेना, आपलं काय चुकलं. मग बाईंनी लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर काढून.

मग जिन्यात विचारलंत ते?

परत आल्यावर चार महिन्यांनी मास्तरांनी कचेरीच्या जिन्यात, काखेत दोन टेपा घेऊन, बाईंना लग्नाचं विचारलं होतं. बाई दोन पायऱ्या वर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, विचारायलाच हवं असं काही नाही हं. मास्तरांना ते लाजणं वाटलं होतं. पुढे तेहेतीस वर्षांत, भांडण विकोपाला गेलं की बाई एकच म्हणायच्या, तुम्ही काय, चारचौघांत माझा मान राखायला आलात. मास्तर दर वेळी विचारायचे, कोण चारचौघं? आणि बाई पाठ फिरवायच्या.

मास्तरांना हे सगळं आता, खुर्चीत बसल्या बसल्या, एकदम दिसलं.

"ते मी माझं मीच विचारलं," ते म्हणाले.

कोणी ढकललं नव्हतं?

"कोण ढकलणार? आठ दिवस सराव करत होतो. दाढी करताना, आरशासमोर. दोनदा गाल कापला. तूच म्हणाली होतीस, ब्लेड बदला."

बाईंनी वहीकडे पाहिलं. जणू उत्तर तिथे लिहून आलं असावं. मग विचारलं, ओठांनीच, वही न घेता. आणि ती मुलगी?

"कुठली?"

जिला बघायला गेला होतात.

मास्तरांनी आठवून पाहिलं. "उंच होती. चेहरा काही आठवत नाही गं. तिचे वडील बोलत होते, जमीन, नोकरी, काय काय. मी त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. पाच अठ्ठावन्न झाले आणि वाटलं, आता ती खुर्चीत बसली असेल. बटण कोण दाबतंय कोणास ठाऊक. मग ते काय बोलले, माझ्या ध्यानातच राहिलं नाही. चहा अर्धा टाकून उठलो. नंतर त्यांचं नाराजीचं पत्र आलं होतं घरी."

बाई हसल्या. आवाज नव्हताच, मानेवरची सुती पट्टी दोन-तीनदा फुलली आणि बसली. मग त्यांनी पट्टीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"ती मुलगी विचारतेय, दाखवू का म्हणून," मास्तर म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत सांगायचंय."

बाईंनी वही मिटली, पेन तिच्यावर ठेवलं, आणि कोपऱ्यातल्या मेजावर नेऊन ठेवली. मग आपली खुर्ची उचलली, खिडकीतून येणारं संध्याकाळचं ऊन चेहऱ्यावर पडेल अशी बरोबर समोर मांडली, आणि बसल्या. ओठ ओले केले. बरंच काही सांगायचं असावं, कारण सुरुवात कुठून करावी ते त्यांना ठरवता येईना.

मास्तर उठले. त्यांनी रस्त्याकडची काच ओढून लावली, पंखा बंद केला, आणि येऊन त्यांच्यासमोर बसले.